दादाच्या गळ्याचं माप

शर्टाची कॉलर आतून कशी असते, हे तुम्ही कधी पाहिलंय का? नसणारच. मीही पन्नाशी उलटून बरीच वर्षं होईपर्यंत पाहिली नव्हती. दोन कापडं, मध्ये कडक बकरम, आणि बकरम व कापड यांच्यात एक चिंचोळी फट. ती फट फक्त टेलरला दिसते, आणि तीही कॉलर उलटवायला घेतली तरच. पूर्वी आम्ही सगळेच कॉलरी उलटवून घ्यायचो. घडी विरली की टेलर कॉलर सोडवायचा, पालथी करून पुन्हा बसवायचा, की शर्टाला आणखी दोन वर्षं आयुष्य. आता लोक शर्टच फेकतात. पण मी निघालोय काजमास्तरबद्दल सांगायला, आणि कॉलरीवरच घसरलो. घसरलो तेही बरंच झालं म्हणा, कारण त्याचं सगळं तिथेच घडलं.

काजमास्तर माझ्या शेजारचा टेलर. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान, त्याचं शिलाईचं, आणि मधली भिंत इतकी पातळ की मी अडकलेल्या नटाला शिव्या हासडल्या की पलीकडचं मशीन थांबायचं. मग हाक यायची, "तेलकट, त्या नटाच्या आईने काय केलंय तुझं?" मला तो तेलकटच म्हणायचा. त्याच्या दुकानात शिरायचं तर बाहेरच्या कट्ट्यावर साबणाची वडी आणि पाण्याचा तांब्या ठेवलेला असे. हात धुवून, दोन्ही बाजूंनी दाखवून मगच आत. एकदा मी धुतलेले हात दाखवून आत गेलो आणि नेमका पाठीने पांढऱ्या कापडाच्या गठ्ठ्याला टेकलो. पाठ कोणी बघितली होती? त्या कापडाचे त्याने मला दोन लेंगे शिवून दिले आणि म्हणाला, "डाग मागच्या बाजूला घेतलाय. बसलास की झाकला जाईल."

काजमास्तर हे नाव पडलं त्याच्या काजांवरून. बटणाची भोकं तो हाताने भरायचा. सांगायचा, "बटण काजातून जाताना आवाज झाला पाहिजे, पण तो फक्त बटणाला ऐकू गेला पाहिजे." लग्न केलं नाही. आई होती, तिचं सगळं केलं. आणि थोरला भाऊ होता, पिठाच्या गिरणीचा मालक. त्याला सगळं गाव दादा म्हणायचं, कारण काजमास्तर म्हणायचा. बाप लवकर गेला तेव्हा दादा चौदा वर्षांचा आणि हा सहाचा. दादाने गिरणीत पोती वाहिली आणि याला टेलरकडे शिकायला घातलं. यालाही पोती उचलायला लावली असती तर कोणी बोललं नसतं. पण दादा म्हणाला होता, "याची बोटं बघा. ही पोत्याची बोटं आहेत का?" ही गोष्ट काजमास्तरने मला किमान शंभर वेळा सांगितली असेल. शंभराव्या वेळीही तो सांगताना आपली बोटं बघायचा.

आई गेली तेव्हा काजमास्तर पन्नाशीला आलेला. दोन वर्षं ती अंथरुणावर होती. ती गेल्यावर मशीनवर बसायचा, पाय मशीनच्या पायडलवर, आणि मशीन चालू व्हायचंच नाही. एका नर्सबाईने, गणवेश शिवून घ्यायला यायची ती, त्याला एक पुस्तक दिलं. फळबाजाराच्या मागे ख्रिस्ती लोकांचं प्रार्थनाघर आहे, तिथे तो रविवारी जाऊ लागला. मी विचारलं, "तिथे काय मिळतं रे तुला?" तो म्हणाला, "तिथे रडलं तर कोणी वेळ बघत नाही." मला ते पटलं. आमच्याकडे खांदा द्यायला माणसं येतात, पण दहा मिनिटांत त्यांना काम आठवतं. वर्षभराने त्याने रीतसर तो धर्म घेतला.

आता गंमत ऐका. नव्या जावयासारखा त्याचा नवा देव त्याला सारखा मिरवावासा वाटे. आणि टेलरचा धंदा असा की गिऱ्हाईक पाच मिनिटं हलत नाही. छाती झाली, खांदा झाला, शेवटी टेप गळ्याभोवती, आणि टेप गळ्याभोवती असतानाच हा विचारायचा, "मनाला शांती आहे का?" हेडमास्तर एकदा तसेच अडकले. तोंड वर करून म्हणाले, "आधी गळा सोड. मग देवाचं बोलू." पुढे गल्लीत कोणी कोणाला अडवलं की, "गळा सोड रे," अशी बोलण्याची रीतच पडली. पण सगळे हसले नाहीत. काहींनी शर्ट दुसरीकडे टाकले. औषधवाला मला म्हणाला, "मला राग येतो, कारण तो माझ्याकडे कीव केल्यासारखा बघतो. तीस वर्षं ओळखतो मला. कालपर्यंत माझं काही बिघडलेलं नव्हतं. आज याला सापडलं पुस्तक, आणि बुडालो मी?"

ही झाली गल्लीतली कुरबुर. खरं मोडलं ते गिरणीत.

मी तिथे होतो. माझ्या सायकलवर माझ्याच घरचं दळण न्यायला गेलो होतो. काजमास्तर आलेला, गिरणीचा पट्टा चालू, दादा पिठाने पांढरा. दादाने पट्टा थांबवला. भरदुपारी गिरणी थांबली की सगळ्यांच्या माना वळतात.

दादा म्हणाला, "तुमच्या पुस्तकात आहे म्हणे, येशूवाचून कोणी देवापर्यंत पोहोचत नाही. खरं?"

"लिहिलंय," काजमास्तर म्हणाला.

"आपल्या आईने येशूचं नाव कधी घेतलं नाही."

"नाही."

"मग ती आता कुठे आहे?"

काजमास्तर गप्प. दादाने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना दादाचा आवाज फाटला. "दोन वर्षं तिचं हागमूत काढलंस तू. तूच सांग, कुठे आहे?"

हा उभाच. दादाने मग हळू सांगितलं, "उत्तर मिळालं की ये. तोवर येऊ नकोस."

परत येताना मी सायकल ढकलत होतो, हा बाजूने चालत होता. मी चिडून म्हणालो, "अरे, चांगल्या जागी आहे म्हणायचं. तुझ्या जिभेला काय झालं होतं?" तो म्हणाला, "खोटं बोलवत नाही. आणि खरं मला माहीत नाही." पुढे त्याने म्हणे प्रार्थनाघरातल्या पाद्रीबुवांनाही विचारलं. ते म्हणाले, गेलेल्यांचं देवावर सोपवावं, आपण जिवंत माणसांसाठी प्रार्थना करावी. ते त्याला पुरलं नाही, आणि तेवढं घेऊन दादाकडे जायची हिंमत झाली नाही. त्याच्या गप्प राहण्याचा दादाने एकच अर्थ घेतला, की आई नरकाच्या आगीत आहे असं हा मनात म्हणतो. दुसऱ्या कोणी तरी काय अर्थ घेतला असता?

अकरा वर्षं दोघं बोलले नाहीत. मात्र दर वर्षी एकदा वहिनी, म्हणजे दादाची बायको, पिशवीत दादाचा जुना शर्ट घालून मापाला आणायची आणि पंधरा दिवसांनी नवा न्यायची. घरी सांगायची, बाजारातून आणला. दादाला कळत नव्हतं? ते काज न ओळखणारा माणूस आमच्या गावात नव्हता. पण विचारलं असतं तर नाकारावं लागलं असतं, म्हणून त्याने विचारलंच नाही. शर्ट मात्र घालायचा.

काजमास्तरने त्यानंतर गिऱ्हाइकांना देवाचं बोलणं बंद केलं. माप घ्यायचं, ऐकायचं, बस. गिऱ्हाइकं परत आली. आणि टेलरकडे माणूस बोलतो हो! हात वर, डोळे समोर, समोरच्याचं तोंड दिसत नाही, तो मागून खांदा मोजतोय. डॉक्टरला न सांगितलेलं माणूस तिथे सांगतो. मीही सांगितलं. आम्हाला वाटायचं, मास्तरच्या डोक्यातला देव थंड झाला.

थंड बिंड काही झालेला नव्हता.

समोरच्या आळीत एक टेलरबाई होत्या. काजमास्तरला खोकला लागला म्हणून हेडमास्तरांनी त्यानेच शिवलेला एक विरलेला शर्ट त्यांच्याकडे उलटवायला दिला. बाईंनी कॉलर सोडवली आणि आतून बोटभर रुंदीची कापडी पट्टी निघाली. धोबी खुणेला वापरतात त्या न जाणाऱ्या शाईत, बारीक अक्षरात लिहिलेलं. बाईंनी दुकानात बसलेल्या चार जणींसमोर मोठ्याने वाचलं: "प्रभू येशू, या माणसाला झोप लागू दे. बायको गेल्यापासून हा दिवा लावून बसतो."

ज्या माणसाच्या छडीला तीन पिढ्या घाबरल्या, तो दिवा लावून बसतो!

त्या आठवड्यात गावात ब्लेडचा खप वाढला. जो तो आपली कॉलर उसवत होता. औषधवाल्याच्या कॉलरीत निघालं, "प्रभू येशू, गोळ्या मोजताना याचा हात थरथरतो, तो स्थिर कर." ते त्याच्या मुलाने दुकानात उसवलं, गिऱ्हाइकांसमोर. दुसऱ्या दिवसापासून लोक त्याने दिलेल्या गोळ्या घरी जाऊन पुन्हा मोजू लागले. माझीही उसवली गेली. माझ्यात होतं, "प्रभू येशू, याच्या मुलीची पत्रं याने उघडावीत." आता मी सगळ्या गावाला सांगितलं होतं की मनाविरुद्ध लग्न करून गेलेल्या पोरीने एक ओळ पाठवली नाही. पत्रं येत होती. ती मी पंक्चरच्या डब्याखाली ठेवत होतो, न उघडता. हे फक्त मास्तरला माहीत होतं. आणि आता आमच्या हिलाही कळलं, कारण कॉलर तिनेच उसवली.

आम्ही आठ-दहा जण त्याच्या दुकानात घुसलो. मी हात न धुताच.

तो उभा राहिला. "मी वाईट काय लिहिलं?"

औषधवाला म्हणाला, "वाईट लिहिलं असतंस तर दोन ठेवून दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो."

"मी कोणाला त्रास होऊ नये म्हणूनच आत..."

"तुला कोणी सांगितलं होतं?" मी ओरडलो.

"माया करायला परवानगी लागते का रे, तेलकट?"

"लागते," हेडमास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "मी तुला माझी झोप सांगितली होती. तू ती तिसऱ्याला सांगितलीस. तो तुझा देव असेल, मला तो तिसराच आहे. आणि सात वर्षं मी त्याला गळ्यात घालून फिरलो, मला न विचारता."

मागून कोणी म्हणालं, हा धर्म बदलवायचा डाव आहे, बारा शर्ट घातले की माणूस आपोआप त्यांच्यातला होतो. कोणी म्हणालं, कॉलरीमागे त्याला परदेशातून पैसे येतात. या बाता होत्या, आणि बाता मारणाऱ्यालाही ते माहीत होतं. पण बाता मारणं सोपं होतं. त्या पट्टीत लिहिलेलं खरं होतं, हे बोलणं कोणाला जमणार? मी तेव्हापासून पुष्कळ विचार केलाय. त्याने शाप लिहिला असता तर आम्ही हसलो असतो. त्याने आम्हाला पाहिलं होतं, न विचारता आमच्यासाठी रडला होता, आणि वरून आम्ही कोणत्या दारात बरे होऊ हेही ठरवून टाकलं होतं. ते आम्हाला सोसवलं नाही.

त्याच्या प्रार्थनाघरातल्यांनीही त्याला झापलं. म्हणाले, ही प्रार्थना नाही, हा ताईत झाला. म्हणजे बिचाऱ्याला ना घर ना दार.

तिसऱ्या दिवशी दादा आला. गिरणीत येणारे-जाणारे त्याला चिडवत होते, "दादा, तुमच्या कॉलरीत बघितलं का? तुमची तर वर्गणी अकरा वर्षांची." दादाने अकरा शर्टांचं बोचकं आणून कापायच्या टेबलावर टाकलं. अकरा वर्षांनी एकमेकांसमोर उभे दोघं. मी दारातून बघत होतो.

"उसव," दादा म्हणाला. "माझ्यासमोर उसव. काय मागितलंस माझ्यासाठी? मीही तुझ्या त्या देवळात येऊन बसावं, हेच ना?"

काजमास्तरने कात्री उचलली. परत ठेवली.

"दादा, नको."

"बघितलंत?" दादा आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणाला. "तेव्हाही गप्प, आताही गप्प." आणि गेला. बोचकं तिथेच राहिलं.

दुकान ओस पडलं. मी चाळीस दिवस तिकडे फिरकलो नाही. चाळीसच, कारण रोज सकाळी मला कट्टा दिसायचा आणि रोज सकाळी कट्ट्यावर साबणाची वडी आणि भरलेला तांब्या असायचा. आता तिथे हात धुणारा कोण होता? एकेचाळिसाव्या दिवशी मी धुतले. दोन्ही बाजूंनी दाखवले. पाठही दाखवली.

"ये, तेलकट," तो म्हणाला. खोकला खोल गेला होता. मग म्हणाला, "पत्र उघडलंस का?" मी म्हटलं, "तू पुन्हा सुरू करू नकोस." तो हसला. मी सांगितलं, "एक उघडलं." खरंच एक उघडलं होतं.

टेबलावर राखाडी रेघांचा शर्ट कापलेला होता. मी विचारलं, "कोणाचा?" गावात त्याला कोण शर्ट टाकत होतं!

"दादाचा."

"वहिनी येऊन गेल्या?"

"नाही. माप पाठ आहे मला. फक्त गळा अर्ध्या इंचाने कमी केलाय. त्या दिवशी बोचकं घेऊन आला तेव्हा बघितलं. वाळलाय तो." मग कॉलरीत बकरम घालता घालता म्हणाला, "हेडमास्तरांचं बरोबर आहे. विचारायला हवं होतं. आता विचारल्याशिवाय कोणाच्या कॉलरीत काही घालणार नाही." त्या शर्टाच्या काजांना त्याने सहा दिवस घेतले. रोज एक.

शर्ट पुरा झाला आणि महिन्याभरात तो गेला, खोकल्यानेच, दवाखान्यात, सकाळचे दहा वाजलेले. नर्सबाई होत्या आणि मी होतो. प्रार्थनाघरातल्या लोकांनी पुरलं. झापलं होतं त्यांनीच खड्ड्याशी उभं राहून गाणी म्हटली. गावातले आम्ही पाच जण गेलो, हेडमास्तर धरून. आणि रस्त्याच्या पलीकडे, फाटकाच्या बाहेर, दादा उभा होता. अंगावरचं पीठही झटकलेलं नव्हतं. माती पडून संपेपर्यंत उभा होता, मग वळून निघून गेला. आत आला नाही.

पंधराएक दिवसांनी मी ते बोचकं आणि तो राखाडी शर्ट घेऊन त्याच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं. दादा खिडकीशी बसला होता. बोचकं बघून म्हणाला, "ते जाळून टाक."

वहिनी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर ओरडल्या असतील. "जाळायचं ते वाचून जाळा! अकरा वर्षं मी चोरासारखी पिशव्या वाहिल्यात." आणि सुई घेऊन जमिनीवरच बसल्या. टाके इतके बारीक की एक कॉलर सुटायला वेळ लागला. पट्टी निघाली. त्यांना चष्म्याशिवाय दिसेना, म्हणून मी वाचली.

"देवा, आई जिथे आहे तिथेच मला ने. दादालाही. आम्हाला वेगळं करू नकोस."

दुसरा शर्ट. तेच. तिसरा. तेच. अकराही कॉलरीत तेच, एका अक्षराचा फरक नाही. जुन्यांतली शाई तेवढी करडी झालेली. स्वर्ग नाही, नरक नाही, आम्हा सगळ्यांच्या पट्टीवर असलेलं येशूचं नावसुद्धा नाही. पाद्रीबुवांनी वाचलं असतं तर कान उपटले असते.

दादाने सगळ्या पट्ट्या मांडीवर गोळा केल्या. मग मला म्हणाला, जसं काही मीच त्याचा भाऊ, "मी याला येशूचं विचारलं होतं का? मी आईचं विचारलं होतं. हे एवढं तोंडाने म्हणाला असता तर मी गिरणी बंद करून त्याला घरी जेवायला आणलं असतं."

मी म्हटलं, "भीत होता. तुम्हालाही, आणि त्यांच्या पुस्तकालाही."

वहिनींनी राखाडी शर्ट उलगडला. दादाने तो घेतला आणि अंगातल्या बनियनवर तसाच चढवला. वरचं बटण लावलं. गळा बरोबर बसला, ना घट्ट ना सैल. ते कळल्यावर त्याचं तोंड कसं झालं ते मी लिहीत नाही. त्याने शर्ट काढला आणि वहिनींपुढे धरला. "हा पण सोडव."

वहिनींनी सोडवला. आत बकरम होतं, दुसरं काही नाही.

दादाने कॉलर आपल्या हातात घेतली. त्या फटीत बोट घातलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. उलटी केली. झटकली. पुन्हा बोट घातलं. "यात नाही?" तो म्हणाला. "का नाही? नीट बघ ना गं, खाली पडली असेल."

वहिनी खरंच जमिनीवर हात फिरवून शोधायला लागल्या.

मला सांगणं भाग होतं. "दादा, पडली नाही. त्याने घातलीच नाही. म्हणाला होता, आता विचारल्याशिवाय घालणार नाही. तुम्हाला विचारायचं राहून गेलं त्याचं."

दादाचं बोट अजून कॉलरीतच होतं. "मी हो म्हटलं असतं," तो म्हणाला.